ओली बाळंतीण गप्प गप्प आहे? ‘असंच होतं’ म्हणून सोडून देऊ नका

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मन आजारी पडतं म्हणजे काय, घरच्या घरी ते कसं ओळखायचं आणि चाकण पट्ट्यात मदत कुठे मिळते, याची सविस्तर माहिती

निघोजे (ता. खेड) : गरोदर बाई तपासणीला गेली की वजन होतं, बीपी बघतात, रक्त तपासतात, सोनोग्राफी होते. घरी आल्यावर सगळे विचारतात, रक्त किती आहे, बाळाची वाढ बरोबर आहे ना. बाळंतपण झालं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले : मुलगा की मुलगी, आणि दूध येतंय का? पण ‘तुझ्या मनाला कसं वाटतंय?’ हे बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. बाई रडली तर ‘बाळंतपणात असंच होतं’ म्हणतात, आणि गप्प बसली तर ‘दमली असेल’ म्हणतात.

पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही जणींच्या बाबतीत तो आजार असतो. ताप किंवा कावीळ जसा आजार, तसाच हाही. त्याला नाव आहे, औषध आहे आणि तो बरा होतो. अंगावर काढला तर मात्र आईचे हाल होतात आणि बाळाचेही. म्हणून ही माहिती बाईइतकीच तिच्या नवऱ्याने, सासूने, आईने आणि शेजारणीने वाचावी.

किती जणींना होतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दर १०० गरोदर बायकांपैकी सुमारे १० जणींना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या १०० पैकी सुमारे १३ जणींना मानसिक आजार होतो. त्यात नैराश्य सगळ्यात जास्त. आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण आणखी वाढतं. भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या २० हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये एक निष्कर्ष छापला गेला : बाळंतपणानंतर साधारण २२ टक्के बायकांमध्ये नैराश्य आढळलं. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक.

आपल्या शेजारच्या गोव्यातही याचा नीट अभ्यास झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या २७० गरोदर बायकांशी बोलून, बाळंतपणानंतर पुन्हा त्यांची भेट घेतली. २००२ मध्ये छापलेल्या या अभ्यासात तीन गोष्टी कळल्या, त्या आपल्यालाही लागू पडतात.

पहिली, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायका नैराश्यात होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. आपोआप जाईल म्हणून वाट बघणं किती महागात पडतं, ते यावरून कळतं.

दुसरी, ज्या बायका बाळंतपणानंतर नैराश्यात गेल्या, त्यातल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मनाचा त्रास सुरू झालेला होता. म्हणजे बाळ झाल्यावर धावाधाव करण्याऐवजी सातव्या-आठव्या महिन्यातच विचारलं असतं, तरी बराचसा त्रास आधी कळला असता.

तिसरी गोष्ट कडू आहे. घरातली गरिबी, नवरा-बायकोचं बिनसलेलं नातं, नवऱ्याची मारहाण, पोटभर खायला न मिळणं ही मोठी कारणं निघाली. आणि मुलगी झाली की या सगळ्याचा भार आणखी वाढत होता. मारहाण सोसणाऱ्या बाईला मुलगा झाला तर त्रास थोडा हलका व्हायचा, मुलगी झाली तर वाढायचा. बाई आजारी पडते ती मुलीमुळे नाही, मुलगी झाल्यावर घरचे कसे वागतात त्यामुळे पडते.

तीन प्रकार, तिन्ही वेगळे

बाळंतपणानंतरचं प्रत्येक रडू म्हणजे आजार नसतो. प्रत्येक रडणं साधंही नसतं. फरक असा ओळखा.

१) पहिल्या दिवसांतलं रडू : वार पडल्यानंतर शरीरातली काही हार्मोन्स एकदम खाली येतात. त्यात झोप मोडलेली, टाके दुखतात, छाती भरलेली. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाईला कारण नसताना रडू येतं, चिडचिड होते, घडीत हसते, घडीत डोळे भरतात. दहातल्या पाच ते आठ बायकांना हे होतं. याला औषध लागत नाही. आराम, गरम जेवण, धीराचे दोन शब्द एवढं पुरतं. दोन आठवड्यांच्या आत ते जातं. दोन आठवडे ही तारीख मात्र लक्षात ठेवा.

२) नैराश्य : दोन आठवडे उलटले तरी मन वर येत नाही, उलट आणखी खाली जातं. हे गरोदरपणात सुरू होऊ शकतं आणि बाळंतपणानंतर वर्षभरात कधीही. बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नाही. जेवण जात नाही. कशात मन रमत नाही. बाळाला घ्यावंसं वाटत नाही, आणि घ्यावंसं वाटत नाही म्हणून स्वतःचाच राग येतो. ‘मी चांगली आई नाही’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे विचार फिरत राहतात. काहींना नैराश्यापेक्षा भीती जास्त असते : बाळाचा श्वास चालू आहे का हे रात्रीतून वीस वेळा उठून बघणं, छातीत धडधड, हातपाय गार पडणं. काहींच्या मनात नको असताना भलतेच विचार घुसतात, ‘बाळ हातातून पडलं तर?’ असे, आणि त्या विचारांनाच ती घाबरते. असा विचार आला म्हणजे बाई वाईट आहे असं नाही, पण डॉक्टरांना सांगायला हवं.

३) तातडीचा आजार : हा क्वचित होतो, हजार बाळंतपणांत एक-दोन जणींना. पण झाला तर एक दिवसही थांबायचं नाही. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि एकदम सुरू होतो. बाई दोन-दोन रात्री झोपत नाही तरी दमल्यासारखी वाटत नाही. फार बोलते, असंबद्ध बोलते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात. घरचे आपल्याला विष घालतील असा संशय घेते. बाळ बदललंय, बाळात देव किंवा सैतान आलाय, असं म्हणते. यात आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. तिला एकटं सोडू नका, बाळालाही तिच्याजवळ एकटं ठेवू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वेळेत उपचार झाले तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. ज्या बाईला आधी असा आजार झालेला आहे किंवा जिच्या जवळच्या नात्यात तीव्र मानसिक आजार आहे, तिच्या घरच्यांनी गरोदरपणातच डॉक्टरांना तसं सांगून ठेवावं.

कारणं काय?

एकच कारण नसतं. शरीरातले बदल असतात, तुटलेली झोप असते, त्यावर घरची परिस्थिती येते. आधी कधी नैराश्य आलेलं असेल, आधीचं मूल गेलेलं असेल, गर्भ पडलेला असेल, बाळ कमी दिवसांचं होऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागलं असेल, तर धोका वाढतो. मूल गमावलेल्या बाईकडे तर कोणाचंच लक्ष राहत नाही, कारण घरात बाळंतीणही नसते आणि बाळही. तिच्याकडे जास्त लक्ष द्या.

दोन गोष्टी रक्त तपासून कळतात. अंगात रक्त कमी असेल तर थकवा, चक्कर, कशातही मन न लागणं असा त्रास होतो. बाळंतपणानंतर काहींचा थायरॉईड बिघडतो, त्यातही अशीच लक्षणं दिसतात. म्हणून मनाचा त्रास घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा या दोन तपासण्यांबद्दल जरूर विचारा.

आणि एक स्पष्ट सांगायला हवं. हा आजार शिकलेल्या बाईला होतो आणि न शिकलेल्या बाईलाही. सिझर झालं तरी होतो, नॉर्मल झालं तरी होतो. हवंहवंसं मूल झालं तरी होतो. तो आळस नाही, नाटक नाही आणि नखराही नाही.

चाकण पट्ट्यात हे लपून का राहतं?

बाळंतपण म्हटलं की आपल्याकडे पहिलं माहेरी करायची पद्धत. सव्वा महिना शेक-शेगडी, अंग चोळणारी बाई, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला न्हाऊ घालायला आजी. या पद्धतीतल्या सगळ्याच गोष्टी बरोबर होत्या असं नाही. पण एक मोठा फायदा होता : बाई एकटी नसायची. रात्री दोन वाजता बाळ रडलं तर दुसरं कोणी उठायचं. ती दोन दिवस जेवली नाही तर आईला कळायचं.

इंद्रायणीकाठचं निघोजे असो की महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी, या गावांत आता चित्र वेगळं आहे. कारखाने आले, तसे मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आणि उत्तर प्रदेश-बिहारातून लोक आले. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. अशा एखाद्या खोलीत बाळंत झालेल्या बाईचा दिवस डोळ्यासमोर आणा. नवरा ठेकेदाराकडून कामाला. आठवडाभर फर्स्ट शिफ्ट, मग सेकंड, मग नाईट. सुट्टी घेतली तर पगार कापला जातो. माहेर शेकडो किलोमीटर लांब. आई पंधरा दिवस येऊन गेली, तिलाही शेत आणि गुरं आहेत. नवरा नाईट करून सकाळी झोपतो. खोली एकच. त्याची झोप मोडू नये म्हणून ही रडणारं बाळ घेऊन दिवसभर दाराबाहेर ओट्यावर बसते. रात्री तो कामावर गेला की ही एकटी. चोवीस तासांत तिला सलग तीन तास झोप मिळत नाही आणि बोलायला कोणी नाही.

गावातल्या जुन्या घरांतही वेगळं ओझं आहे. जमिनी गेल्या, पैसा आला, कुठे गेलाही. खोल्या भाड्याने आहेत, घरात माणसं आहेत, तरी सुनेला मनातलं बोलायला जागा नसते. ‘आमच्या वेळी आम्ही बाळंतपणानंतर लगेच शेतात जायचो’ हे तिने रोज ऐकायचं. सासूबाई, तुम्ही ते केलंत हे खरं. पण तुमच्या पिढीतही किती जणी आतल्या आत खचल्या, कोणी ‘वेडी’ ठरली, कोणी विहिरीकडे गेली, हे तुम्हालाच जास्त माहीत आहे.

म्हणून या पट्ट्यात खरा प्रश्न औषधाच्या आधीचा आहे : हे कोणाच्या लक्षात येणार? ज्या खोलीत तिसरं माणूसच नाही, तिथे घरमालकीण, शेजारीण, आशाताई आणि स्वतः नवरा यांनाच लक्ष ठेवावं लागेल.

बाई ‘मी उदास आहे’ असं म्हणत नाही

आपल्याकडे बाई मनाचा त्रास अंगाच्या भाषेत सांगते. ‘डोकं जड वाटतं’, ‘अंगात जीव नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘जेवणावर वासना नाही’, ‘दूध येत नाही’, ‘घाबरल्यासारखं होतं’. अशी बाई पुन्हा पुन्हा दवाखान्यात जाते, सलाईन आणि टॉनिक घेऊन येते, पण बरं वाटत नाही. असं दोन-तीनदा झालं तर डॉक्टरांना सरळ सांगा, ‘हिचं मनही बघा.’

घरच्या घरी विचारायला दोन सोपे प्रश्न आहेत. जगभर डॉक्टर आणि नर्स पहिल्या चाचणीसाठी हेच विचारतात.

पहिला : गेल्या महिनाभरात तुला वारंवार उदास, निराश, आता काही चांगलं होणार नाही असं वाटलं का?

दुसरा : पूर्वी ज्यात मन रमायचं, त्यात आता मन लागत नाही असं होतंय का?

दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर पुढची चौकशी करायची वेळ आली आहे. दवाखान्यात यासाठी दहा प्रश्नांची एक यादीही वापरतात. ती १९८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गमध्ये तयार झाली, म्हणून तिला एडिनबर्ग चाचणी म्हणतात. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, तेवढंच त्यात विचारतात. पाच-दहा मिनिटांत होते.

कसं विचारायचं, तेही महत्त्वाचं आहे. चार माणसांत, सासरच्यांसमोर विचारलं तर उत्तर ‘बरी आहे’ असंच येणार. बाळाला तेल लावताना, कपडे वाळत घालताना, दोघीच असताना विचारा. उत्तर आलं की मध्ये बोलू नका. उपदेश नको. ऐका.

‘जगावंसं वाटत नाही असा विचार येतो का?’ हेही विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बाई मोकळी होते. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं ठेवू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या-औषधं कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी मदत घ्या.

घरच्यांनी काय करायचं?

नवऱ्यासाठी : रात्रीतलं एक पाजणं झाल्यावर बाळाला ढेकर काढून झोपवायचं काम तुमचं ठेवा. नाईट शिफ्ट असेल तर कामावरून आल्या आल्या दोन तास बाळ तुम्ही सांभाळा, तिला झोपू द्या, मग तुम्ही झोपा. सलग चार-पाच तास झोप मिळाली तर बराच फरक पडतो. तपासणीला शक्य तेव्हा सोबत जा. दारू आणि हात उचलणं या दोन गोष्टी थांबल्या नाहीत तर कुठलंही औषध पुरं पडणार नाही.

सासू आणि आईसाठी : तिला ताटावर बसवून गरम जेवू घाला. मुलगी झाली असेल तर पेढे वाटा, बारसं तेवढ्याच हौसेनं करा. दूध कमी येतंय म्हणून टोमणा मारू नका, ताणाने आणि झोप न झाल्याने पाजणं आणखी अवघड होतं.

घरमालकीण आणि शेजारणीसाठी : तुमच्या चाळीत कोणी नुकती बाळंत झाली असेल तर दिवसातून एकदा डोकावा. अर्धा तास बाळ घ्या, तिला अंघोळ करू द्या. अंगणवाडी कुठे आहे, आशाताई कोण, हे दाखवा. ती हिंदी बोलणारी असेल तरी चालेल, बाळ घ्यायला भाषा लागत नाही.

काय म्हणू नये : ‘तुला काय कमी आहे?’, ‘मन घट्ट कर’, ‘बाळाकडे बघून तरी हस’, ‘आमच्या वेळी असलं नव्हतं.’ त्याऐवजी म्हणा : ‘हे बरं होतं. आपण दोघं जाऊन दाखवू.’

उपचार कसे असतात?

सौम्य त्रास असेल तर बोलण्यातून उपचार होतात. समुपदेशक किंवा तयार केलेली आरोग्य कार्यकर्ती दर आठवड्याला भेटून मनातले विचार, दिवसाचा क्रम, घरातली मदत यांवर बोलते. हे काम फक्त मोठ्या डॉक्टरांनीच करायला हवं असंही नाही. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने वस्तीतल्याच साध्या बायकांना प्रशिक्षण देऊन गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. त्यांना ‘सखी’ म्हणायचे. नैराश्यात असलेल्या २८० गरोदर बायकांवर हा प्रयोग करून २०१९ मध्ये निकाल छापला. ज्यांच्याकडे सखी जात होत्या, त्यातल्या जास्त जणी बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्या होत्या. या सखी डॉक्टर नव्हत्या, शेजारपाजारच्याच बायका होत्या.

त्रास जास्त असेल तर गोळ्या लागतात. इथे सगळ्यांना एकच शंका असते : दुधातून बाळाला जाईल का? नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या अशा आहेत की त्या घेत बाळाला पाजता येतं. कोणती गोळी, किती, हे डॉक्टर ठरवतील. त्यासाठी आपण पाजतोय किंवा गरोदर आहोत, हे त्यांना आधी सांगा. मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटायला लागलं म्हणून गोळी मध्येच सोडायची नाही. आधीपासून मानसिक आजाराची गोळी चालू असेल आणि दिवस गेले, तरी आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा.

बाहेरचं लागलंय असं वाटलं तर?

पाचवीला सटवी पुजावी, दृष्ट काढावी, ज्याची त्याची श्रद्धा. पण बाळंतीण बडबडायला लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, तर ते मेंदूच्या आजाराचं लक्षण आहे. तिला मांत्रिकाकडे नेऊन मारहाण करणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं यात वेळ जातो आणि जीवही जाऊ शकतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवाला जायचं असेल तर जा, पण आधी दवाखाना.

मदत कुठे मिळेल?

आशाताई : दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. ही पद्धत आपल्याच राज्यातल्या गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून पुढे आली. या भेटी बाळासाठी आहेत, पण त्याच वेळी आईबद्दलही बोला. १४ व्या दिवसाची भेट विशेष महत्त्वाची, कारण साधं रडू तोवर थांबायला हवं. भाडेकरू असाल तरी उपकेंद्रात आणि अंगणवाडीत नाव नोंदवता येतं.

दर महिन्याची ९ तारीख : प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी डॉक्टर करतात. मनाचा त्रास तिथेच सांगा.

दवाखाने : जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, चाकणचं ग्रामीण रुग्णालय. पुढे मानसोपचार तज्ज्ञांसाठी पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, पुण्याचं ससून.

टेली-मानस, १४४१६ : केंद्र सरकारची ही मोफत फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवस-रात्र चालू असते, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. बाईने स्वतः केला तरी चालतो, नवऱ्याने किंवा शेजारणीने केला तरी चालतो. रात्री दोन वाजता एकटं वाटलं तरी हा नंबर लावता येतो.

तातडीचं असेल तर १०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी फोन करा. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाईन १८१, पोलीस ११२.

हक्क माहीत असू द्या

कंपनीत काम करणाऱ्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजा कायद्याने मिळते. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची रजा आहे. ठेकेदाराकडून काम असलं आणि ईएसआय कापला जात असेल, तर अटी पूर्ण असल्यास रजेचे पैसे ईएसआयकडून मिळतात. पगाराची स्लिप आणि ईएसआय नंबर जपून ठेवा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बाळंतिणीसाठी एक महत्त्वाची तरतूद आहे. आईला मानसिक आजारासाठी दाखल करावं लागलं तर तिच्या तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही. फक्त आईच्या आजारामुळे बाळाला धोका असेल तरच डॉक्टर वेगळं ठेवायला सांगू शकतात, आणि तेही तेवढ्यापुरतंच. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करण्याचा वेगळा विभाग आहे. त्यामुळे ‘दवाखान्यात नेलं तर बाळ काढून घेतील’ या भीतीने उपचार टाळू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एका बाळंतपणात झालं तर पुढच्या वेळी पुन्हा होईल का? होण्याची शक्यता जास्त असते, नक्की होतंच असं नाही. पुढच्या वेळी दिवस गेल्यावर लगेच डॉक्टरांना आधीचं सगळं सांगा.

आईच्या आजाराचा बाळावर परिणाम होतो का? उपचार झाले नाहीत तर होऊ शकतो. गोव्याच्या अभ्यासात नैराश्यात असलेल्या आयांच्या बाळांचं वजन सहा महिन्यांनी कमी असण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आई बरी झाली की बाळाकडेही नीट लक्ष जातं.

‘वेड्यांची गोळी’ एकदा सुरू झाली की जन्मभर घ्यावी लागते का? नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात बहुतेकींना काही महिनेच औषध लागतं. बंद कधी करायचं, ते डॉक्टर सांगतात.

लोक काय म्हणतील? बीपीची गोळी घेतली तर लोक काही म्हणत नाहीत. हीही तशीच गोळी आहे.

तुमच्या घरात, चाळीत किंवा आळीत या वर्षभरात कोणी बाळंत झाली असेल तर आज तिच्याकडे जाऊन या. बाळ मांडीवर घ्या आणि बाळाच्या आधी आईची चौकशी करा. १४४१६ हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि गावाच्या, सोसायटीच्या, कंपनीच्या ग्रुपवर टाका.